गाडीचा नंबर कुठे जातो?

एखादी मोटार आपल्यासमोरून निघून गेली, तर तिचा नंबर आपल्या किती वेळ लक्षात राहतो? फार तर मिनिटभर. मोटारींना नंबर देण्याची पद्धत पडली तेव्हाही माणसांची स्मरणशक्ती अशीच होती. पॅरिसच्या पोलिसांनी १८९३ साली मोटारींवर पाटी सक्तीची केली. ब्रिटनमध्ये १ जानेवारी १९०४ पासून नंबर आले. हेतू साधा होता. कोणी अपघात करून पळाला, तर पाहणाऱ्याला काही खूण सांगता यावी. नंबर सगळ्यांना दिसत असे, पण प्रत्येक गाडीचा नंबर कोणी टिपून ठेवत नसे.

यंत्र पाटी वाचू लागले आणि हे चित्र बदलले. ब्रिटिश पोलिसांच्या विज्ञान शाखेत १९७६ साली या यंत्राचा शोध लागला. १९७९ पर्यंत चालते नमुने तयार झाले. ए-१ या महामार्गावर आणि डार्टफर्ड बोगद्यापाशी सुरुवातीच्या चाचण्या झाल्या. यंत्राने चोरीची गाडी ओळखल्यामुळे पहिली अटक झाली ती १९८१ साली.

यंत्र पाटी वाचते कसे? ब्रिटनमध्ये १९७३ पासून नव्या गाड्यांच्या पाट्या प्रकाश आल्या दिशेला परत पाठवणाऱ्या पृष्ठभागाच्या असतात. कॅमेऱ्याजवळून अवरक्त किरणांचा झोत सोडला, की रात्रीही पाटी उजळ आणि अक्षरे काळी दिसतात. हे किरण डोळ्यांना दिसत नसल्याने चालकाचे डोळे दिपत नाहीत. मग संगणक चित्रातला पाटीचा चौकोन शोधतो, अक्षरे सुटी करतो आणि प्रत्येकाचा आकार ताडून पाहतो. इंग्रजी आठचा आकडा आणि ‘बी’, शून्य आणि ‘ओ’ यांत त्याची गफलत होऊ शकते. आपल्याकडे ४१४१ हा नंबर ‘दादा’ असा रंगवलेला आपण पाहिला आहे. आपल्याला त्याची गंमत वाटते, पण यंत्राला तो वाचता येणार नाही. एका ठशाची अक्षरे असलेल्या पाट्या यंत्राला सोयीच्या पडतात. भारतात १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना अशा पाट्या सक्तीच्या झाल्या.

पण खरा बदल वाचण्यात नाही, वाचलेले दूर पाठवण्यात आहे. एक हिशेब करून पाहू. समजा, एका रस्त्याने दिवसाला ५० हजार गाड्या जातात. प्रत्येकीचे छायाचित्र ५० हजार बाइटचे धरले, तर दिवसाला २५० कोटी बाइट पाठवावे लागतील. त्याऐवजी फक्त नंबर, वेळ आणि ठिकाण पाठवले, तर गाडीमागे ५० बाइट पुरेत. एकूण झाले २५ लाख. म्हणजे काम हजारपट हलके झाले! एवढी माहिती साध्या टेलिफोनच्या तारेवरूनही जाते, आणि साठवायलाही स्वस्त पडते.

साठवणे स्वस्त झाले, की साठवण्याचा मोह होतो. १९९२ आणि १९९३ साली लंडनच्या व्यापारी भागात मोठे बॉम्बस्फोट झाले. त्यानंतर तिथे नाकेबंदी आली आणि १९९७ साली पाटी वाचणारे कॅमेरे बसले. पुढे २००६ च्या सुमारास देशभरातल्या अशा कॅमेऱ्यांची माहिती एका राष्ट्रीय केंद्रात जमू लागली. सुरुवातीचा प्रश्न होता, ‘ही गाडी चोरीची आहे का?’ आता ‘ही गाडी गेल्या महिन्यात कुठे कुठे होती?’ असेही विचारता येऊ लागले. एकट्या नोंदीतून फारसे काही कळत नाही. पण अनेक नोंदी जोडल्या, तर कोण कोणत्या दवाखान्यात, सभेला किंवा प्रार्थनास्थळी जातो, याचा अंदाज बांधता येतो.

२०१० साली बर्मिंगहॅममध्ये मुस्लिम वस्तीच्या भागांत दोनशेहून अधिक कॅमेरे बसवले जात होते. ते गुन्हे रोखण्यासाठी आहेत, असे रहिवाशांना सांगण्यात आले. पैसा मात्र दहशतवादविरोधी निधीतला होता. हे उघड होताच लोक संतापले. कॅमेऱ्यांवर पिशव्या चढवाव्या लागल्या आणि २०११ साली ते काढून टाकले गेले. यंत्रात काही बिघाड नव्हता. माहिती कशासाठी गोळा होणार, हे लोकांपासून लपवले होते.

जर्मनीच्या घटना न्यायालयाने मार्च २००८ मध्ये दोन राज्यांचे असे कायदे रद्द केले. हव्या असलेल्या गाड्यांच्या यादीशी नंबर जुळला नाही, तर तो ताबडतोब पुसला गेला पाहिजे, असे न्यायालयाचे म्हणणे होते. २०१८ साली ते आणखी पुढे गेले. नंबर जुळला नाही तरी तो तपासणे हाच माणसाच्या हक्कात हस्तक्षेप आहे आणि त्याला योग्य कारण हवे, असे त्याने ठरवले.

वर्गात एक प्रयोग करता येईल. शाळेच्या फाटकाशी येणाऱ्या-जाणाऱ्या वाहनांची फक्त संख्या मुलांना तासभर टिपू द्या. मग त्यांना विचारा, नंबरही टिपले असते आणि वही वर्षभर जपली असती, तर आपल्याला काय काय कळले असते? ती वही कोणाच्या हाती द्यायची आणि केव्हा फाडायची? कॅमेरा बसवणाऱ्या प्रत्येकाला हेच प्रश्न आपण विचारायला हवेत, आणि तेही कॅमेरा बसण्याआधी.