केमोच्या जोडीला इम्युनोथेरपी: ही जोडी कशी जमली?

"डॉक्टर, केमोसोबत इम्युनोथेरपीही देऊ या का?" स्तनाचा कर्करोग शरीरात पसरला की नातेवाईक हमखास हा प्रश्न विचारतात. त्याचं उत्तर समजायला थोडा इतिहास पाहू या.

१८९१ साली न्यूयॉर्कचे सर्जन विल्यम कोली यांनी कर्करोगाच्या गाठीत जंतू टोचले. जंतूंमुळे जागी झालेली प्रतिकारशक्ती गाठीवरही तुटून पडेल, हा त्यांचा विचार. पण परिणामाची खात्री नव्हती आणि हा उपचार मागे पडला.

१९९२ मध्ये जपानच्या तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत पीडी-१ सापडलं. हा आपल्या संरक्षक टी-पेशींवरचा 'ब्रेक' असतो. कर्करोगाच्या पेशी पीडी-एल१ नावाच्या प्रथिनाने हाच ब्रेक दाबतात. तो सोडवणारी औषधं म्हणजे आजची इम्युनोथेरपी. २०१८ च्या नोबेलमध्ये होंजो मानकरी होते.

आता ट्रिपल निगेटिव्ह प्रकार बघा. यात हार्मोनच्या गोळ्या आणि हर-२ वरची औषधं चालत नाहीत. आधी केमो घेतलेल्या रुग्णांत पेम्ब्रोलिझुमॅब एकटं देऊन पाहिलं, पण ते केमोपेक्षा सरस ठरलं नाही. मग जोडीचा विचार पुढे आला: केमोने पेशी फुटल्या, की प्रतिकारशक्तीला शत्रू ओळखता येईल.

२०१८ मध्ये अटेझोलिझुमॅब आणि नॅब-पॅक्लिटॅक्सेल या जोडीने आशा दाखवली. पीडी-एल१ असलेल्या रुग्णांत आजार ५ ऐवजी ७.५ महिने आटोक्यात राहिला. २०१९ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. पण साध्या पॅक्लिटॅक्सेलसोबत तेच औषध दिलं, तर फायदा दिसला नाही! २०२१ मध्ये कंपनीने तिथला हा वापर मागे घेतला.

पेम्ब्रोलिझुमॅब आणि केमो ही जोडी मात्र टिकली. पसरलेल्या आजारावरचा पहिला उपचार म्हणून ती ८४७ रुग्णांच्या चाचणीत तपासली गेली. पीडी-एल१ चा गुणांक १० किंवा जास्त असलेल्यांचं मध्यक आयुर्मान १६.१ वरून २३ महिन्यांवर गेलं. गुणांक कमी असलेल्यांना असा ठोस लाभ मिळाला नाही.

म्हणून घरदार गहाण टाकण्याआधी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: आजार ट्रिपल निगेटिव्ह आहे का? पीडी-एल१ गुणांक किती? पसरल्यानंतरचा हा पहिलाच उपचार आहे का?

आणि उपचार सुरू झाल्यावर जुलाब, धाप किंवा खूप थकवा जाणवला, तर 'केमोमुळेच असेल' म्हणून अंगावर काढू नका. सुटलेला ब्रेक कधीकधी आपल्याच अवयवांवर उलटतो. लगेच डॉक्टरांना कळवा.