स्वस्तातला रॅक सर्व्हर : किंमत कमी, पण जिवतीसारख्या ठिकाणी तो परवडतो का?

फेसबुक मार्केटप्लेसवर किंवा टेलिग्राम ग्रुपवर कधी ना कधी अशी जाहिरात दिसतेच. दोन झिऑन प्रोसेसर, १२८ जीबी रॅम, ‘कंपनीतून काढलेला सर्व्हर’ आणि किंमत एखाद्या साध्या लॅपटॉपएवढी. शाळेची कॉम्प्युटर लॅब, गावातली अभ्यासिका किंवा छोटी संस्था चालवणाऱ्याला मोह होणं साहजिक आहे. पण सर्व्हरची खरी किंमत बिलावर छापलेली नसते. विशेषतः चंद्रपूर जिल्ह्याच्या टोकाला, माणिकगड डोंगररांगेत वसलेल्या जिवतीसारख्या तालुक्यात हे गणित आधी मांडावं लागतं.

रॅक सर्व्हर म्हणजे नेमकं काय?

हा एक चपटा, लांबलचक कॉम्प्युटर. तो १९ इंच रुंदीच्या लोखंडी कपाटात, म्हणजे रॅकमध्ये, ड्रॉवरसारखा सरकवतात. त्याची उंची ‘यू’मध्ये मोजतात. १ यू म्हणजे पावणेदोन इंच. डेल पॉवरएज आर६३० हा १ यूचा, तर आर७३० आणि एचपी प्रोलायंट डीएल३८० हे २ यूचे.

यात चुका सुधारणारी ईसीसी रॅम असते, दोन पॉवर सप्लाय बसतात आणि मशीन बंद न करता हार्ड डिस्क बदलता येते. वर्षभर अखंड चालण्यासाठीच तो बनवलेला असतो.

मग इतका स्वस्त कसा?

कंपन्या आणि डेटा सेंटर वॉरंटी संपली की, साधारण तीन ते पाच वर्षांत, सर्व्हर बदलतात. नवा असताना लाखांत असलेला सर्व्हर मग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये किंवा सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरसारख्या बाजारात ‘रिफर्बिश्ड’ म्हणून येतो. तो खराब असतोच असं नाही. फक्त तो एसी खोलीसाठी आणि अखंड विजेसाठी बनलेला असतो.

जिवतीत सर्व्हर हवाच कशाला?

जिथे नेटवर्क येतं-जातं, तिथे इंटरनेटवरचं साहित्य गावातच साठवून ठेवणं हा चांगला उपाय आहे. किविक्स या मोफत सॉफ्टवेअरने अख्खा मराठी विकिपीडिया इंटरनेटशिवाय वाचता येतो. कोलिब्रीने शैक्षणिक व्हिडिओ आणि सराव प्रश्न वर्गातल्या वायफायवर देता येतात.

जिवतीत याला आणखी एक पदर आहे. तेलंगणाच्या सीमेवरच्या, दोन्ही राज्यं हक्क सांगतात त्या १४ गावांत मराठी शाळा आहेत आणि तेलुगूही. परिसरात गोंड, कोलाम आणि बंजारा समाजाची वस्ती मोठी. गोंडी, कोलामी, गोरमाटी, मराठी आणि तेलुगू असं सगळं रेकॉर्डिंग, गाणी, गोष्टी एका जागी ठेवायच्या तर स्वतःची साठवण लागतेच.

पण या कामाला हार्ड डिस्क मोठी लागते, प्रोसेसर नाही. रॅक सर्व्हरचा निर्णय इथेच ठरतो.

विजेचं गणित

आर७३०सारखा दोन प्रोसेसरचा सर्व्हर काही काम नसतानाही १०० ते १५० वॅट खातो. १२० वॅट धरू. दिवसरात्र चालवला तर महिन्याला साधारण ८६ युनिट होतात. युनिटला १० रुपये धरले तर वर्षाला सुमारे १०,५०० रुपये, तीन वर्षांत ३१,५००.

त्याच कामाला १५ वॅटचा मिनी पीसी पुरतो. त्याचं तीन वर्षांचं बिल ४,००० रुपयांच्या आत.

शाळेच्या सहा तासांपुरताच सर्व्हर चालू ठेवला तर महिन्याचं बिल २०० रुपयांच्या आत येईल हे खरं. पण वीज गेल्यावर काय? १५० एएचच्या इन्व्हर्टर बॅटरीतून तूट वजा जाता साधारण १,२०० वॅट-तास हाती येतात. त्यावर रॅक सर्व्हर दहा तास ओढेल, मिनी पीसी दोन दिवस तरी काढेल. दोन्ही बाबतीत इन्व्हर्टर ‘यूपीएस मोड’वर ठेवा, नाहीतर लाइट जाताच मशीन रीस्टार्ट होईल. अर्थिंगही नीट हवं.

उन्हाळा, आवाज आणि दुरुस्ती

बहुतेक रॅक सर्व्हर १० ते ३५ अंश तापमानासाठी बनवलेले असतात. चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो. पत्र्याच्या खोलीत पंखे पूर्ण वेगाने फिरतात आणि त्या घरघरीत शिकवणं अवघड होतं. १ यूच्या सर्व्हरचे पंखे छोटे, म्हणून आवाज जास्त.

दुरुस्तीचंही तसंच. मिनी पीसीचा अडॅप्टर राजुरा-चंद्रपूरकडे मिळू शकतो. सर्व्हरचा मदरबोर्ड किंवा पॉवर सप्लाय मोठ्या शहरातून मागवावा लागतो आणि तोवर लॅब बंद.

तरीही घ्यायचाच असेल तर हे तपासा

- पिढी : डीडीआर४ रॅमची घ्या, म्हणजे आर६३०, आर७३० किंवा डीएल३८० जेन ९ आणि पुढची. डीडीआर३ची आर७२० आणखी स्वस्त, पण जुनी.
- प्रोसेसर : काम हलकं असेल तर एकच ठेवा, वीज वाचते. मात्र काही स्लॉट आणि निम्मी रॅम जागा बंद होते.
- डिस्क : किती तास चालली आहे याचा स्मार्ट रिपोर्ट मागा. ट्रे आणि रेल सोबत आहेत का पाहा, नंतर वेगळे पैसे जातात.
- लांबी : भिंतीवरच्या छोट्या नेटवर्क रॅकमध्ये हा मावत नाही. खोल रॅक किंवा भक्कम टेबल लागेल.
- फर्मवेअर : डेलचे अपडेट मोफत मिळतात. एचपीच्या जुन्या सर्व्हरच्या अनेक अपडेटसाठी वॉरंटी किंवा सपोर्ट करार मागतात.
- पासवर्ड : आयड्रॅक किंवा आयलोचा जुना पासवर्ड विक्रेत्याकडून रीसेट करून घ्या.
- बिल : जीएसटी बिल आणि लेखी टेस्टिंग वॉरंटी घ्या. सरकारी निधी असेल तर जुनी वस्तू घेता येते का, हे आधी विचारा.

थोडक्यात

एकाच मशीनवर तीस-चाळीस विद्यार्थ्यांचे डेस्कटॉप चालवायचे असतील, कॉलेजला नेटवर्किंग शिकवायचं असेल किंवा प्रॉक्समॉक्ससारख्या मोफत सॉफ्टवेअरवर अनेक कामं एकत्र करायची असतील, थंड खोली आणि भरवशाची वीजही असेल, तर जुना रॅक सर्व्हर उत्तम सौदा आहे.

वाचनालय, व्हिडिओ आणि गावाचं रेकॉर्डिंग एवढंच काम असेल तर मिनी पीसी घ्या. वाचलेल्या पैशातून दोन मोठ्या हार्ड डिस्क घ्या, एक वापरायला आणि एक बॅकअप म्हणून दुसऱ्या इमारतीत ठेवायला. कोलामी आजीने सांगितलेली गोष्ट एकदा पुसली गेली तर ती कुठल्याच बाजारात रिफर्बिश्ड मिळत नाही.