गटाराची देवी आणि लोकरीचे गोळे

मोबाईलवर अधूनमधून एक यादी फिरत असते: जगातले विचित्र देव. रोमन लोकांनी म्हणे गटाराला देवी केली होती. शेणखताला देव होता. तापाला देवी होती. दाराच्या बिजागरीलासुद्धा एक देवी होती. आमच्या अभ्यासवर्गाच्या ग्रुपवर ही यादी आली तेव्हा खाली हसण्याच्या इमोजींची रांग लागली. मीही हसलो. मग बारावीतल्या एका मुलीने विचारले, "दादा, पण त्या गटारात उतरायचं कोण?"

हसणे थांबले. त्या प्रश्नाच्या मागे लागून मी जे वाचले ते इथे मांडतो आहे.

या देवांना हसणारे आपण पहिले नाही. इ.स. ४१० मध्ये गॉथ टोळ्यांनी रोम लुटले. जुने देव सोडले म्हणून ही आपत्ती आली, असे लोक म्हणू लागले. त्यांना उत्तर म्हणून ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीनने काही वर्षांनी 'देवाचे नगर' हा ग्रंथ लिहायला घेतला आणि त्यात या किरकोळ देवांची यथेच्छ टिंगल केली. दाराच्या फळीला फोर्क्युलस, बिजागरीला कार्डिया, उंबरठ्याला लिमेंटिनस. माणूस घराला एकच दारवान ठेवतो आणि तो पुरतो, इथे मात्र तीन देव लागले, असा त्याचा टोमणा. टोमणा झकास आहे. पण याच ग्रंथात पुढे ऑगस्टीन गुलामगिरीबद्दल बोलतो तेव्हा ती पापाची शिक्षा आहे असे सांगून मोकळा होतो. म्हणजे दाराचे तीन देव त्याला खटकले, दाराशी साखळीने बांधलेला गुलाम दारवान खटकला नाही. देवांची खिल्ली उडवली की माणसांची सुटका होतेच असे नाही. आपल्यातल्या काही विद्रोही मित्रांनीही हे लक्षात घ्यायला हरकत नाही.

हे देव आले कुठून? सरळ उत्तर, भीतीतून.

रोमन शेतकऱ्याचा एक देव होता रोबिगस. काही ठिकाणी ती देवी आहे, रोबिगो. रोबिगो म्हणजे गव्हावर पडणारा तांबेरा. आपल्याकडे त्या रोगाचे नाव तांब्यावरून पडले, तिकडे तांबूस रंगावरून. दरवर्षी २५ एप्रिलला, गहू ऐन भरात असताना, पुरोहित शहराबाहेरच्या राईत जाऊन कुत्रा आणि मेंढी बळी देत असे. ओव्हिड या कवीने ही मिरवणूक वाटेत भेटल्याचे वर्णन केले आहे. लॅटिनमध्ये लोखंडाचा गंज आणि गव्हाचा तांबेरा यांना एकच शब्द आहे. म्हणून ओव्हिडचा पुरोहित रोबिगोला विनवतो, की गव्हाला सोड आणि खायचेच असेल तर तलवारी खा. मला हे फार आवडले. पण तांबेरा कुत्र्याच्या बळीने जात नाही. तो बुरशीचा रोग आहे हे इटलीतल्याच फोंताना या शास्त्रज्ञाने १७६७ मध्ये दाखवले. ती बुरशी आयुष्याचा काही काळ बार्बेरी या काटेरी झुडपावर काढते हे जर्मनीच्या डी बारीने १८६५ मध्ये सिद्ध केले. आपल्या महाबळेश्वरलाही गहू गेरवा संशोधन केंद्र आहे. गेरवा म्हणजे तोच तांबेरा.

तापाची देवी फेब्रिस. रोममध्ये तिची तीन देवळे होती. आजाऱ्याच्या अंगाला लावलेले औषधोपचार तिच्या देवळात नेऊन ठेवत. टायबर नदीकाठच्या दलदलीत मलेरिया होता आणि कारण कोणाला माहीत नव्हते. सिसेरोसारखा शिकलेला माणूस तेव्हाही म्हणत होता की तापाला देऊळ बांधणे हा काय प्रकार आहे. पण त्याच्याकडेही दुसरा उपाय नव्हता. उपाय हाती नसलेल्या माणसाने देवीला हात जोडले म्हणून मी त्याला हसणार नाही. उपाय सापडल्यावरही देवीच पुढे करून जो दक्षिणा मागतो, त्याचा हिशोब वेगळा.

भीतीच्या देवांपेक्षा मला जास्त विचारात पाडले ते कामाच्या देवांनी. शेतीच्या विधीत पुरोहित बारा नावे घेत असे. त्या नावांचा अर्थ लावला तर आपल्या शेताचे वर्ष समोर उभे राहते. पडीक जमीन पहिल्यांदा नांगरणारा, दुसरी पाळी घालणारा, सरी ओढणारा, पेरणारा, बी झाकणारा, कुळवणारा, कोळपणारा, निंदणारा, कापणारा, गाडीतून वाहून आणणारा, कोठारात भरणारा आणि कोठारातून काढून देणारा. बारा कामे, बारा देव. शेणखताचा स्टेर्कुलिनस वेगळाच. हेर्मान उझेनर या जर्मन विद्वानाने १८९६ मध्ये देवांच्या नावांवर एक ग्रंथच लिहिला. त्याचे म्हणणे असे की मोठे देव नंतरचे, आधी असे एका क्षणाचे, एका कामाचे देव असतात. ते पटो न पटो, यादी पाहिली की एक गोष्ट दिसते. श्रमाची इतकी बारीक नोंद क्वचितच कोणी ठेवली असेल. निंदणीलासुद्धा देवत्व दिले! मग निंदणाऱ्याला काय दिले?

याचे उत्तर केटोच्या पुस्तकात आहे. केटो हा रोमचा बडा राजकारणी. इ.स.पू. दुसऱ्या शतकात त्याने शेतीवर पुस्तक लिहिले. मळा कसा चालवावा याच्या सूचना देताना तो सांगतो, म्हातारे बैल विकून टाका, जुनी गाडी विका, जुनी अवजारे विका, म्हातारा गुलाम विका, आजारी गुलाम विका. एकाच दमात. मळ्यावरचा मुकादमही गुलामच असे. त्याच्यासाठी नियम असा, की चौकातला कोंपितालिया सण आणि घरातली चूल सोडून त्याने स्वतःच्या मनाने कोणताही धर्मविधी करायचा नाही. मुकादमाच्या बायकोने मालकाच्या हुकुमाशिवाय पूजा करायची नाही, दुसऱ्याकडून करवून घ्यायची नाही. तिने ध्यानात ठेवावे, की सगळ्या घरादाराच्या वतीने पूजा मालक करतो.

एका पूजेला मात्र मोकळीक आहे. बैलांच्या आरोग्याचा नवस गुलामाने फेडला तरी चालेल, फक्त बाईने तो बघायचा नाही.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो. गटाराच्या देवीचे नाव क्लोआकिना. क्लोआका म्हणजे गटार. रोमचे महागटार 'क्लोआका माक्सिमा' शहराच्या मुख्य चौकाखालून, म्हणजे फोरमखालून, टायबरला जाते. फोरममध्ये त्यावर या देवीचे उघडे ठाणे होते. त्याचा गोल चौथरा आजही आहे. इ.स.पू. ४२ च्या चांदीच्या नाण्यावर त्याचे चित्र आहे. नावाचा मूळ अर्थ शुद्ध करणारी, असे थोरला प्लिनी सांगतो.

हाच प्लिनी आणखी एक गोष्ट सांगतो. टार्क्विन राजाने गटारे खोदण्यासाठी सामान्य लोकांना, म्हणजे प्लेबियनांना, जुंपले. काम इतके लांबले आणि इतके जीवघेणे होते की लोक आत्महत्या करू लागले. राजाने त्यावर तोड काढली. आत्महत्या करणाऱ्यांची प्रेते त्याने क्रुसावर ठोकली आणि पशुपक्ष्यांच्या तोंडी दिली. विटंबनेच्या लाजेने तरी बाकीचे जिवंत राहून खोदतील! ही आख्यायिका असेल, पण रोमन लोकांनीच ती आपल्या गटाराबद्दल जपून ठेवली. पुढे गटार साफ कोण करत होते? इ.स. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला सम्राट ट्राजनने धाकट्या प्लिनीला पाठवलेले पत्र उपलब्ध आहे. शिक्षा झालेले जुने, म्हातारे कैदी सार्वजनिक स्नानगृहांत, गटारे उपसायला आणि रस्त्यांच्या कामाला लावा, असे त्यात लिहिले आहे. गटार उपसणे ही शिक्षेच्या जवळची गोष्ट होती. देवी चौकात, माणूस आत. आपल्या देशात हाताने मैला साफ करण्याविरुद्ध १९९३ ला कायदा झाला, २०१३ ला दुसरा झाला, २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारातल्या मृत्यूची भरपाई ३० लाख केली, आणि माणसे अजून आत उतरत आहेत. फरक एकच. रोममध्ये ते काम कैद्याकडे शिक्षेने येत होते, आपल्याकडे ते जन्माने येते.

याच ठाण्याजवळ लिव्ही या इतिहासकाराने सांगितलेली एक घटना घडते. इ.स.पू. ४४९. वर्जिनिया ही प्लेबियन मुलगी. सत्ताधारी आप्पियस क्लॉडियसची तिच्यावर नजर गेली. ती वश होईना, तेव्हा त्याने आपल्या माणसाकरवी ही माझ्या गुलामाची मुलगी आहे असा दावा लावला आणि स्वतःच न्यायाधीश बसून तिला गुलाम ठरवले. बापाने तिला क्लोआकिनाच्या ठाण्याजवळ नेले, शेजारच्या खाटकाच्या दुकानातली सुरी उचलली आणि तिला मारले. लिव्हीने बापाला नायक केले आहे. मला ते मान्य नाही. जीव मुलीचा गेला, आणि तिचे म्हणणे काय होते हे कथेत कुठेच नाही. पण त्यानंतर प्लेबियन शहर सोडून टेकडीवर जाऊन बसले आणि आप्पियसच्या मंडळाची सत्ता कोसळली.

त्याच मंडळाने केलेल्या कायद्यांत पॅट्रिशियन आणि प्लेबियन यांच्या लग्नाला बंदी होती. इ.स.पू. ४४५ मध्ये ती उठवायची मागणी झाली तेव्हा विरोधकांनी कारण काय दिले? शकुन बिघडतील! पक्ष्यांवरून देवाचा कौल घेण्याचा अधिकार पॅट्रिशियन रक्ताचा, प्लेबियनाला शकुनच नाही, मिश्र संततीचे काय करायचे? कानुलेयसच्या कायद्याने लग्नबंदी उठली. प्लेबियन कॉन्सल व्हायला मात्र इ.स.पू. ३६६ उजाडले, आणि शकुन पाहणाऱ्या पुरोहितमंडळात त्यांना जागा मिळायला इ.स.पू. ३००.

बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिनिर्मूलन'मध्ये रोमचे हेच उदाहरण घेतले आहे. प्लेबियनांना आपला कॉन्सल निवडता येत होता, पण देवतेचा कौल अनुकूल असल्याशिवाय तो पदावर बसू शकत नव्हता, आणि कौल सांगणारे पुजारी पॅट्रिशियन होते. म्हणून निवडून येत होता तो पॅट्रिशियनांना चालणारा माणूस. प्लेबियनांनी लढून मिळवलेले हातचे घालवले, पण त्या कौलावरचा विश्वास सोडला नाही. हे त्यांनी सांगितले ते समाजवाद्यांना, धर्म हीसुद्धा सत्ता आहे हे पटवण्यासाठी. विचित्र देवांच्या यादीत हा मुद्दा कधीच येत नाही. देव किती आणि कसले, एवढेच मोजले जाते. कौल कोणाच्या तोंडून निघतो हे कोणी विचारत नाही.

केटोने गुलामाला परवानगी दिलेला तो कोंपितालिया सण आता पाहू. रस्ते मिळतात त्या चौकातल्या लारेस या छोट्या राखणदार देवांचा हा हिवाळ्यातला सण. तो सर्व्हियस टुलियस राजाने सुरू केला असे सांगत, आणि परंपरेनुसार तो स्वतः गुलाम बाईचा मुलगा. या सणात विधीला गुलामच लागत आणि तेवढे दिवस त्यांच्यावरची गुलामीची निशाणी दूर ठेवली जाई. आदल्या रात्री प्रत्येक घरातून चौकात लोकरीच्या वस्तू टांगत, घरातल्या माणशी एक. देवांनी जिवंत माणसाला हात लावू नये, ही लोकर घेऊन समाधान मानावे, म्हणून. स्वतंत्र माणसासाठी लोकरीची बाहुली असे, पुरुषाची किंवा बाईची. गुलामासाठी लोकरीचा गोळा. नाक नाही, डोळे नाहीत, बाई की पुरुष तेही नाही. फेस्टसच्या शब्दकोशात याची नोंद आहे, अगदी कोरडी, दोन ओळींची.

तरीही गुलाम आणि मुक्त झालेले गुलाम यांनी हेच चौक धरून ठेवले. तिथे त्यांच्या मंडळ्या उभ्या राहिल्या. इ.स.पू. ६४ मध्ये सिनेटने अशा मंडळ्यांवर बंदी आणली. इ.स.पू. ५८ मध्ये ती उठली. शेवटी इ.स.पू. ७ मध्ये सम्राट ऑगस्टसने बंदीपेक्षा हुशार मार्ग काढला. त्याने शहराचे वॉर्ड पाडले, चौकातली ठाणी नव्याने उभी केली, पूजेची मानाची पदे मुक्त गुलामांना दिली आणि लारेसच्या शेजारी स्वतःच्या रक्षक आत्म्याची पूजा सुरू करून दिली. चौक त्यांचाच राहिला, देव ऑगस्टसचे झाले. हे वाचताना कोणाला आपल्या वस्तीतले एखादे मंडळ आणि त्याचा फ्लेक्स आठवला तर तो दोष माझा नाही.

एक देवी मात्र मुक्त झालेल्या गुलामांनी आपली मानली होती, फेरोनिया. टेरासिना गावी तिच्या देवळात दगडाचे आसन होते. त्यावर गुलाम बसे आणि उठताना स्वतंत्र होऊन उठे, डोक्यावर मुक्त माणसाची टोपी घालून. त्याच्या मुलांना पुढे नागरिक म्हणून जगता येई. गुलामाला अशी वाट होती आणि अस्पृश्याला ती नव्हती, म्हणून अस्पृश्यता गुलामीहून वाईट, असे बाबासाहेबांनी या दोन्हींची तुलना करून मांडले आहे. पण वाट मिळाली म्हणजे बरोबरी मिळाली असे नाही. इ.स.पू. २१७ मध्ये हनिबल इटलीत घुसलेला असताना सिनेटने देवांना प्रसन्न करायला वर्गणी काढली. कुलीन बायकांनी ऐपतीप्रमाणे पैसे जमवून ते राणी जूनोच्या देवळात, आव्हेंटाइन टेकडीवर, नेऊन द्यावेत असे ठरले. मुक्त झालेल्या गुलाम बायकांनाही ऐपतीप्रमाणे वर्गणी काढायला सांगितले. त्यांची वर्गणी जूनोकडे गेली नाही. ती वेगळी जमा करून फेरोनियाला द्यायची होती.