गोळी चालू असताना आलेला 'नॉर्मल' रिपोर्ट

हा भाग मी गेवराईला घरच्या गच्चीवर रेकॉर्ड केला, त्यामुळे ऑडिओत मागे उसाचे ट्रॅक्टर ऐकू येतात. तेवढं सांभाळून घ्या.

दिवाळीला घरी आले तेव्हा आईने सोनोग्राफी करून घ्यायला लावली. रिपोर्ट आला, अंडाशयं नॉर्मल. आई खूश, "पीसीओडी नाही तुला." पुण्यात डॉक्टरांना दाखवला तर त्या म्हणाल्या, तीन वर्षं गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत ना? मग या नॉर्मलवर विसंबू नकोस. बरं, गोळ्या का सुरू झाल्या होत्या? पाळी दोन-दोन महिने येत नव्हती म्हणून. तेव्हा एका डॉक्टरांनी एकही तपासणी न करता पाकीट हातात दिलं होतं. म्हणजे आधी काय होतं ते कुणी पाहिलं नाही, आणि आता पाहता येत नाही. आमच्या धंद्यात याला एरर दाबून ठेवून लॉग वाचणं म्हणतील.

मग मी हे प्रकरण मागून वाचत गेले.

१९३५ साली शिकागोच्या मायकल रीज हॉस्पिटलमधल्या आयर्विंग स्टाइन आणि मायकल लेव्हेंथल यांनी सात बायकांच्या केसेस छापल्या. पाळी गडबडलेली, अंडाशयं मोठी झालेली, काहींच्या अंगावर जास्त केस. सोनोग्राफी तेव्हा नव्हतीच. पोटात हवा भरून एक्स-रे काढायचा, नाहीतर सरळ पोट उघडायचं. त्यांनी अंडाशयाची पाचरीसारखी फोड कापून काढली. सातही जणींची पाळी सुरू झाली, दोघींना दिवस गेले.

मग गोळी आली. एनोव्हिड अमेरिकेत १९५७ मध्ये मंजूर झाली ती पाळीच्या तक्रारींसाठी, गर्भनिरोधक म्हणून मान्यता मिळाली १९६० मध्ये. म्हणजे माझ्या हातात पाकीट ठेवणाऱ्या डॉक्टरांनी काही नवीन केलं नव्हतं! ग्रेगरी पिंकस आणि जॉन रॉक यांनी गोळ्यांच्या मधे काही दिवसांची सुट्टी ठेवली, म्हणजे दर महिन्याला रक्तस्राव होईल आणि बाईला सगळं नेहमीसारखं वाटेल. आपल्या माला-डीच्या पाकिटातही २१ गोळ्या हार्मोनच्या आणि ७ लोहाच्या. त्या सात दिवसांत जे येतं ती खरी पाळी नाही, हार्मोन थांबल्याचा स्राव आहे. मी मात्र तीन वर्षं मोबाइलच्या ॲपमध्ये 'पाळी वेळेवर' म्हणून टिक करत होते.

आता निदानाकडे या. १९९० मध्ये अमेरिकेत बेथेस्डाला तज्ज्ञ बसले, त्यांनी निकष ठरवले, त्यात सोनोग्राफी नव्हती. २००३ मध्ये रॉटरडॅमला दुसरी बैठक झाली. पाळी अनियमित, पुरुषी हार्मोन जास्त, सोनोग्राफीत भरपूर बारीक बीजकोष, या तिनांपैकी दोन असले तर पीसीओएस, अर्थात दुसरे आजार नाहीत हे बघून. म्हणजे तीच मुलगी एका यादीप्रमाणे पेशंट, दुसरीप्रमाणे नाही. आणि गोळी तिन्हींवर पांघरूण घालते. पाळी घड्याळासारखी येते. यकृत एक प्रथिन जास्त बनवतं, ते टेस्टोस्टेरॉनला धरून ठेवतं, पिंपल्स कमी होतात. अंडाशयही आकसतं. म्हणून हार्मोन तपासायचे तर गोळी निदान तीन महिने बंद हवी. (स्वतःच्या मनाने बंद करू नका हं. दिवस राहू नयेत म्हणून घेत असाल तर आधी दुसरी सोय बघा, आणि डॉक्टरांना विचारा.)

रिपोर्ट हातात आल्यावर आईचा पहिला प्रश्न पीसीओडीचा नव्हताच. तो होता, "पिशवी चांगली आहे ना?" बीड जिल्ह्यातल्या बाईला सोनोग्राफी म्हटलं की हेच आठवतं. आमच्या मावशीची पिशवी तिशीच्या आत काढली. ती कोयत्यावर जायची. अंगावरून पांढरं जायचं, कंबर दुखायची. एक सोनोग्राफी, 'कॅन्सर होईल' एवढं वाक्य, आणि फडावर खाडा पडला तर मुकादम पैसे कापणार. उचल घेऊन झालेली. दुसऱ्या डॉक्टरला विचारायला वेळ कुणाला होता? २०१९ मध्ये हे बाहेर आलं, राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीडमध्ये ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. साधारण सहातली एक. त्यांच्या दुखण्याचं खरं नाव काय होतं, साधं इन्फेक्शन की आणखी काही, हे आता त्यातल्या बहुतेकींना कळायचा मार्गच उरलेला नाही. मावशीला मी विचारलं, फाइल आहे का? ती म्हणाली, "फाइल कुठली गं, चिठ्ठी होती. कोपीतच राहिली."

माझी गोळी बंद होऊन आज एकाहत्तर दिवस झाले. पाळी आलेली नाही. हे पीसीओएसमुळे की गोळी सोडल्यामुळे, हे सांगायला डॉक्टर अजून तयार नाहीत, आणि मला ते पहिल्यांदाच बरं वाटतंय. रक्त द्यायची तारीख पुढच्या महिन्यात. आईने कॅलेंडरवर त्या दिवसाला गोल केलाय. मावशी म्हणते, मीपण येते सोबत.