इंजिनाचा ठोका आणि शिशाचं पेट्रोल

मंडळी, तुमच्यापैकी ज्यांनी जुनी फियाट किंवा अँबॅसिडर घेऊन बोरघाट चढलाय, त्यांना एक आवाज नक्की आठवेल. गाडी वरच्या गिअरमध्ये, चढ मोठा, आपण अ‍ॅक्सिलरेटर दाबतोय आणि इंजिनातून टणटण ऐकू येते. मेकॅनिक म्हणायचा, "इंजिन ठोकतंय." आज या ठोक्याची गोष्ट सांगायची आहे.

आधी तो येतो कुठून ते पाहू. स्पार्क प्लगची ठिणगी पडली की पेट्रोल आणि हवेचं मिश्रण एका बाजूने पेटत जातं. पण दाब आणि उष्णता फार वाढली, तर ज्योत पोचायच्या आतच कोपऱ्यातलं मिश्रण आपलं आपणच भडकतं. त्या दाबाची लाट सिलिंडरच्या भिंतींवर आदळते. असं फार दिवस चाललं तर पिस्टनची वाट लागते.

1920 च्या सुमारास अमेरिकेत गाड्यांचे कारखानदार या ठोक्याने जेरीस आले होते. जोरदार इंजिन बनवायचं तर दाब वाढवायला हवा, आणि दाब वाढवला की ठोका हजर. ओहायोतल्या डेटन गावी जनरल मोटर्ससाठी काम करणाऱ्या टॉमस मिजली यांनी डिसेंबर 1921 मध्ये उपाय शोधला: टेट्राइथिल लेड. गॅलनभर पेट्रोलला चमचाभरही नको, ठोका गप्प! फेब्रुवारी 1923 मध्ये विक्री सुरू झाली. नाव ठेवलं 'इथिल'. त्यात शिसं आहे याचा नावात पत्ताच नाही.

शिसं विषारी आहे हे तेव्हा माहीत नव्हतं असं कुणी म्हणेल, तर ते खरं नाही. 1923 च्या सुरुवातीला खुद्द मिजली शिशाच्या बाधेमुळे विश्रांतीला गेले होते. ऑक्टोबर 1924 मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे इथे हे रसायन बनवणारे पाच कामगार दगावले. त्यांना आधी भास व्हायचे, ते भ्रमिष्टासारखे वागायचे. त्याच महिन्यात मिजलींनी पत्रकारांसमोर ते रसायन हातावर चोळलं आणि मिनिटभर हुंगून दाखवलं. 1925 मध्ये वॉशिंग्टनला सरकारी परिषद भरली. डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी तिथे विरोध केला. त्या शिशाचा त्रास ओळखणाऱ्या त्या काळातल्या मोठ्या जाणकार. पण समितीला बंदी घालण्याइतका पुरावा दिसला नाही आणि 1926 मध्ये विक्री पुन्हा सुरू झाली.

इथे थोडं थांबू या. निळा धूर आला की ऑइल जळतंय, काळा आला की पेट्रोल जास्त जातंय, हे आपल्याला कळतं. शिशाचं काय? ना रंग, ना आवाज. इंजिन उलट मऊ चालतंय! ते साठत होतं मुलांच्या रक्तात, आणि मुलं काही ठोकत नाहीत. 1965 मध्ये क्लेअर पॅटरसन यांनी, ज्यांनी पृथ्वीचं वय मोजलं तेच हे, माणसाच्या शरीरातलं शिसं नैसर्गिक प्रमाणाच्या कितीतरी पट झालंय असं लिहिलं. 1979 मध्ये हर्बर्ट नीडलमन यांनी मुलांचे पडलेले दुधाचे दात तपासले. ज्यांच्या दातांत शिसं जास्त, ती मुलं बुद्धिमापन चाचणीत मागे दिसली.

तरी पहिला धक्का दिला तो एका यंत्राच्या भागाने. 1975 पासून अमेरिकन गाड्यांत धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर येऊ लागला आणि शिशामुळे तोच निकामी व्हायचा. यंत्राची तक्रार लवकर ऐकली गेली, हे मला फार खटकतं. आपल्याकडेही तोच क्रम. 1995 मध्ये मुंबईसह चार महानगरांत नव्या गाड्यांना कन्व्हर्टर आले आणि त्यांच्यासाठी शिसेविरहित पेट्रोल. देशभर शिसं हटायला 2000 साल उजाडलं. जगातल्या शेवटच्या देशाने, अल्जीरियाने, 2021 मध्ये ते थांबवलं.

आणि मंडळी, पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळलं तरी ठोका थांबतो, हे मिजलींना ठाऊक होतं. पण अल्कोहोल कुणीही बनवू शकतं, त्यावर मक्तेदारी कशी मिळवणार? आज आपल्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल येतं, त्यात आपल्या उसाचाही वाटा आहे. त्याने मायलेज घटतं ही तुमची तक्रार रास्त आहे. प्रश्नोत्तरांत त्यावर बोलू.