गिऱ्हाईक कोण?

वेटरची बेपर्वाई, गल्ल्यावरच्या मालकाचा तुटकपणा, इराण्याच्या भिंतीवरच्या सूचना हे आपल्या ललित लेखनाचे लाडके विषय. या तक्रारींत एक गोष्ट गृहीत असते, ती म्हणजे आत शिरणारा माणूस गिऱ्हाईक आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्रात चहाची हॉटेले वाढू लागली, तेव्हा अस्पृश्याला हे गृहीत धरता येत नव्हते. पुरे पैसे मोजूनही चहा दाराबाहेर, वेगळ्या कपात, वरून ओतून मिळे. तो कप ज्याचा त्यानेच विसळून ठेवायचा. तक्रार करायची तरी कुणाकडे?

कोल्हापूरचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. पाण्याला शिवल्याबद्दल मार खाल्लेल्या गंगाराम कांबळे यांना शाहू महाराजांनी चहाचे हॉटेल काढण्यास साहाय्य केले. नाव ठेवले 'सत्यसुधारक'. इथे अस्पृश्य गल्ल्यावर बसला होता, आणि सवर्ण गिऱ्हाईक फिरकत नव्हते! मग महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा मागवू लागले. सोबतच्या मंडळींनाही तो घ्यावा लागे. (राजाचा आग्रह मोडणार कोण?)

जे राजाच्या मर्जीवर अवलंबून होते, त्याला हक्काचे रूप यायला १९५० साल उजाडले. राज्यघटनेच्या कलम १५(२)मध्ये दुकानांबरोबर उपाहारगृहांचाही स्पष्ट उल्लेख आहे. अस्पृश्य म्हणून प्रवेश नाकारणे १९५५च्या कायद्याने दंडनीय ठरले. वेगळे कप त्यानंतरही अनेक गावांत राहिले. दलित आत्मकथनांत ते भेटतात. ललित लेखांतल्या हॉटेलांत मात्र क्वचितच.