मोटरसायकलच्या मागचा ट्रेलर : माणसासाठी आला, सामानासाठी उरला

हे आजच्या भागाचं लिखित रूप आहे. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी, आणि ज्यांना वर्षं-आकडे पुन्हा बघायचे आहेत त्यांच्यासाठीही.

आजचा विषय तुम्हाला थोडा विचित्र वाटेल. मोटरसायकलच्या मागे जोडलेला छोटा ट्रेलर. लांबच्या प्रवासाची दणकट बाईक, मागे हुक, आणि हुकाला एक-दोन चाकांची पेटी. आपल्याकडे असं दृश्य क्वचितच दिसतं, पण ब्रिटन, जर्मनी, अमेरिका इथल्या हायवेवर दिसतं. लडाखच्या राइडचे व्हिडिओ बघताना प्रश्न पडतोच. सॅडल बॅग, टँक बॅग, वर तंबू, बाजूला पेट्रोलचे कॅन, एवढं सगळं बाईकवरच का लादायचं? मागे गाडा का नाही जोडायचा?

गंमत अशी की हा प्रश्न मोटरसायकलइतकाच जुना आहे. आणि त्याचं पहिलं उत्तर सामानासाठी नव्हतं, माणसासाठी होतं.

वेताची खुर्ची आणि धूळ

१८९० च्या दशकाच्या शेवटी फ्रान्समध्ये द दियाँ-बुताँ कंपनीची तीनचाकी मोटरसायकल जोरात होती. इंजिनाची ताकद किती? त्या सुमाराला पावणेदोन ते पावणेतीन हॉर्सपॉवर. आजची साधी शंभर सीसीची बाईकसुद्धा तिच्या काही पट ताकदवान आहे. चालवणारा एकटाच बसायचा. मग बायकोला, मित्राला किंवा आईला सोबत न्यायचं असेल तर? मागे सायकलची दोन चाकं लावलेली वेताची खुर्ची जोडायची. हा झाला पहिला ट्रेलर. फ्रान्स आणि इंग्लंडमध्ये असे ट्रेलर रीतसर विकले जायचे.

आता त्या खुर्चीत बसलेल्या माणसाचा विचार करा. रस्ते कच्चे, त्यामुळे पुढच्या चाकांची सगळी धूळ तोंडावर. इंजिनाचा धूर आणि तेलाचे शिंतोडेही त्याच दिशेने. बोलायचं म्हटलं तर पुढच्याला ऐकू जात नाही. चालवणारा मागे वळून बघणार कसा? म्हणजे जोड निखळून खुर्ची मागे राहिली, तरी त्याला लगेच कळण्याची खात्री नाही.

म्हणून लोकांनी खुर्ची पुढे आणली. पुढच्या दोन चाकांच्या मध्ये सीट. तिला फोरकार म्हणायचे. धूळ गेली, बोलता येऊ लागलं, पण धडक झाली तर पहिला मार बसणार पाहुण्याला! मग उरली एकच जागा, ती म्हणजे बाजूची. जानेवारी १९०३ मध्ये 'मोटर सायकलिंग' या ब्रिटिश नियतकालिकात जॉर्ज मूर यांचं एक व्यंगचित्र आलं. त्यात मोटरसायकलच्या बाजूला खुर्ची जोडलेली दाखवली होती. चित्र विनोदी होतं, पण तीन आठवड्यांच्या आत ग्रॅहम नावाच्या माणसाने अशाच साइडकारचं तात्पुरतं पेटंट घेतलं.

त्यानंतर माणूस ट्रेलरमधून उठला तो कायमचा. ट्रेलरचा पुढचा इतिहास समजायचा तर ही गोष्ट लक्षात ठेवा. मागे बसणाऱ्याला सगळा त्रास सोसावा लागत होता आणि चालवणाऱ्याला तो दिसतही नव्हता.

युद्ध, शेत आणि सुट्टी

साइडकारचे दिवस चांगले गेले. पण १९२२ मध्ये ऑस्टिन सेव्हनसारखी छोटी कार आली आणि ब्रिटनमधली कुटुंबं हळूहळू तिकडे वळायला लागली. १९५९ मध्ये मिनी आल्यावर तर कुटुंबाची साइडकार जवळपास संपलीच. आपल्याकडे मात्र बजाजच्या स्कूटरला जोडलेली साइडकार बऱ्याच नंतरपर्यंत दिसायची. घरातल्या मोठ्यांना विचारा, कुणाला तरी आठवेलच.

मधल्या काळात ट्रेलरने एक वेगळंच रूप घेतलं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीच्या एनएसयू कंपनीने केटेनक्राड बनवलं. पुढे मोटरसायकलचं हँडल आणि चाक, मागे रणगाड्यासारखे पट्टे, मध्ये ओपेल कारचं दीड लिटरचं इंजिन. मागे छोटा ट्रेलर किंवा हलकी तोफ ओढायची. आठ हजारांहून जास्त बनली. चिखलात ट्रक रुतायचे तिथे ही चालायची. युद्ध संपल्यावरही ती काही काळ बनत राहिली, पण आता शेतीच्या कामासाठी.

मग आली पन्नाशी. युरोपात लोकांना सुट्ट्या मिळू लागल्या, पण सगळ्यांकडे कारचे पैसे नव्हते. होती ती मोटरसायकल नाहीतर स्कूटर. नवरा-बायको दोघं बसले की तंबू, स्टोव्ह, अंथरूण ठेवायचं कुठे? इथे चेकोस्लोव्हाकियाचा एक छोटा ट्रेलर मला फार आवडतो. पाव ४०. एकच चाक, थेंबाच्या आकाराची पत्र्याची पेटी, आणि क्षमता ४० किलो. जावा आणि सीझेड मोटरसायकलींच्या मागे तो जोडायचे.

जावा म्हटल्यावर कान टवकारले ना? तीच जावा. १९६० च्या सुमाराला आयडियल जावा कंपनीने म्हैसूरला तिचं उत्पादन सुरू केलं आणि १९७३ पासून येझदी हे नाव आलं. बाईक भारतात आली आणि लाडकी झाली, पण तिच्या मागचा तो एकचाकी गाडा आपल्या रस्त्यांवर रुळला नाही.

एक चाक की दोन?

इथे थोडं इंजिनिअरिंग करू. घाबरू नका, परीक्षा नाही.

कार वळताना कलत नाही. मोटरसायकल मात्र कलल्याशिवाय वळतच नाही. मग मागच्या गाड्याने काय करायचं? उत्तरं दोन आहेत. एकचाकी ट्रेलर बाईकसोबत कलतो. त्याचा जोड वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलतो, पण गोल फिरत नाही. दोनचाकी ट्रेलर स्वतःच्या चाकांवर सरळ उभा राहतो. म्हणून त्याचा जोड गोल फिरणारा लागतो. नाहीतर बाईक कलली की गाडा तिला पिळायला लागेल.

दुसरी गोष्ट वजनाची मांडणी. ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा पुढे हुकवर यायला हवा. सामान मागच्या टोकाला भरलं, तर वेग वाढल्यावर गाडा शेपटीसारखा डावी-उजवीकडे हलायला लागतो, आणि ते हेलकावे वाढत जातात. अशा वेळी घाबरून जोरात ब्रेक मारला, तर परिस्थिती बिघडते.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, ब्रेक. या छोट्या ट्रेलरना बहुतेक वेळा स्वतःचे ब्रेक नसतात. समजा बाईक ३०० किलो, तुम्ही ८० किलो, ट्रेलर सामानासकट १०० किलो. थांबवायचे आहेत ४८० किलो, पण ब्रेक ३८० किलोच्या वाहनाचे. साधा हिशोब केला तर ताशी ८० किलोमीटर वेगात ब्रेक दाबल्यावर जी बाईक ३५ मीटरमध्ये थांबली असती, तिला ४५ मीटरच्या आसपास लागतील. दहा मीटर म्हणजे दोन कार एकामागे एक उभ्या केल्यावर होईल तेवढं अंतर. त्यात बाईक कललेली असेल, तर मागचं वजन तिला सरळ नाही, तिरकं ढकलतं.

होंडाने काय उचललं आणि काय सोडलं

आता अमेरिकेत जाऊ. १९५६ च्या कायद्याने तिथे इंटरस्टेट हायवेचं जाळं सुरू झालं. सरळ, रुंद, शेकडो मैल वळण नसलेले रस्ते. ट्रेलरसाठी यापेक्षा सोयीचं काय असणार?

१९७५ मध्ये होंडाची गोल्ड विंग जीएल१००० बाजारात आली. ९९९ सीसी, चार सिलेंडर, पाण्याने थंड होणारं इंजिन, आणि चेनऐवजी शाफ्ट. पण बाईक उघडीबोडकी! वाऱ्यापासून आडोसा नाही, सामानाच्या पेट्या नाहीत. लोकांनी त्या बाहेरून लावल्या. क्रेग व्हेटर यांची विंडजॅमर नावाची फेअरिंग त्यात फार गाजली. होंडा हे बघत होती. १९८० मध्ये कंपनीने इंटरस्टेट मॉडेल आणलं. फेअरिंग आणि पेट्या कारखान्यातूनच लावलेल्या. बाईक जड झाली, मागे घेता येईना, तर १९८८ च्या जीएल१५०० मध्ये सहा सिलेंडर आणि सोबत रिव्हर्सची सोय दिली. ती स्टार्टर मोटरवर चालायची.

म्हणजे पॅटर्न बघा. ग्राहक बाहेरून काहीतरी जोडतात, ते चाललं की कंपनी ते पुढच्या व्हर्जनमध्ये घेते. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला फीचर रिक्वेस्ट म्हणतो.

पण ट्रेलर? गोल्ड विंगवाल्यांनी ट्रेलरही भरपूर जोडले. १९७७ मध्ये फिनिक्सला सुरू झालेली गोल्ड विंग रोड रायडर्सची संघटना २०२२ पर्यंत चालली आणि तिच्या मेळाव्यांना लोक ट्रेलर घेऊन यायचे. त्यांच्यासाठी हवेच्या सस्पेन्शनचे ट्रेलर बनवणाऱ्या बुशटेकसारख्या वेगळ्या कंपन्या उभ्या राहिल्या. आणि होंडाने? मॅन्युअलमध्ये इशारा छापला, की या बाईकला ट्रेलर किंवा साइडकार जोडू नका. हार्ली-डेव्हिडसनच्या मॅन्युअलमध्येही तसाच इशारा असतो. बाकी सगळ्या मागण्या पूर्ण झाल्या, ही मात्र नाही.

काही जण म्हणतात, कंपन्या कोर्टकचेरीला घाबरतात. असेलही. पण वरचा ब्रेकचा हिशोब परत बघा. कंपनीने टायर, ब्रेक, फ्रेम हे सगळं एका ठरावीक वजनासाठी तपासलेलं असतं. मागे कोण काय जोडेल, कसं भरेल, हे तिच्या हातात नाही. फेअरिंग आणि पेट्या तिने स्वतः तपासून विकल्या. मागचा गाडा तिच्या चाचणीत कधी नव्हताच.

स्पोर्ट टूरिंगचा पेच

आता या कहाणीतला खरा तिढा. १९७६ मध्ये बीएमडब्ल्यूची आर१००आरएस आली. कारखान्यातूनच पूर्ण फेअरिंग, वेग आणि लांबचा पल्ला एकत्र. पुढे १९८६ मध्ये कावासाकी कॉनकोर्स, १९९० मध्ये होंडा एसटी११००, म्हणजेच पॅन युरोपियन, २००१ मध्ये यामाहा एफजेआर१३००. या बाईक घ्यायच्या कशासाठी? दिवसभर लांब जायचं आणि वळणांवर मजा घ्यायची. त्यांच्या मागे ट्रेलर जोडला, की लांब जाणं सोपं होतं आणि वळण अवघड. बाईकच्या नावातला पहिला शब्द दुसऱ्याशी भांडायला लागतो!

तरी लोक जोडतात आणि त्यांची कारणं हसण्यासारखी नाहीत. वय वाढलं, जमिनीवर झोपवत नाही, चांगला तंबू आणि गादी हवी. डबलसीट प्रवासात मागे बसणाऱ्याच्या पाठीला डिकी टोचते. बाईकवर उंच रचलेलं सामानही धोक्याचंच असतं, कारण गुरुत्वमध्य वर जातो. तेच वजन खाली, मागे गेलं तर हळू चालवताना बाईक हलकी वाटते.

ब्रिटनने यावर मधला मार्ग काढला. तिथे बंदी नाही, मर्यादा आहे. १२५ सीसीपेक्षा मोठी बाईक हवी. ट्रेलरची रुंदी जास्तीत जास्त एक मीटर. सामानासकट वजन १५० किलो किंवा बाईकच्या वजनाच्या दोन तृतीयांश, यातलं जे कमी असेल ते. गणित केलं तर कळतं, २२५ किलोपेक्षा हलक्या बाईकला पूर्ण १५० किलो ओढता येणार नाहीत. वेग मोटरवेवर ताशी ६० मैल, साध्या रस्त्यावर ५०. आणि ट्रेलरमध्ये माणूस बसवायचा नाही. वेताच्या खुर्चीचा धडा नियम म्हणून छापला गेला, असं म्हणायला हरकत नाही.

मग आपण?

भारताच्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात मोटरसायकलची व्याख्या आहे. दोनचाकी मोटार वाहन, आणि जोडता-काढता येणारी साइडकारही त्यात धरलेली. ट्रेलर त्या वाक्यात नाही. म्हणून गल्लीतल्या वेल्डिंगवाल्याकडून हुक लावून घेण्याआधी आरटीओत जाऊन विचारा. आणि परवानगीच्याही आधी आपले रस्ते आठवा. ताम्हिणीची वळणं, आंबोलीचं धुकं, गावागावातले रंग उडालेले स्पीडब्रेकर. अमेरिकेच्या सरळ हायवेवर जे जमलं, ते घाटात तसंच जमेल असं गृहीत धरू नका.

लडाखला निघणाऱ्यांना माझं मत विचाराल, तर आधी सामान कमी करा. ट्रेलर जोडणारे युरोपातले जुने राइडरसुद्धा निघण्याआधी वजनकाटा काढतात, जड सामान चाकांच्या बरोबर वर, तळाशी ठेवतात आणि पुढच्या गाडीपासून अंतर वाढवतात. यातल्या तिन्ही सवयी ट्रेलर नसतानाही उपयोगी आहेत. आपल्यातले किती जण राइडला निघण्याआधी सामानाचं वजन करतात? मॅन्युअलमध्ये कमाल वजन लिहिलेलं असतं. दोन माणसं बसली की त्यातलं सामानासाठी किती उरतं, हे आज घरी गेल्यावर एकदा बघाच. आकडा तुमच्या अंदाजापेक्षा बराच लहान निघू शकतो.

घरात कुणाची जुनी जावा, येझदी किंवा साइडकारवाली स्कूटर असेल, तर त्या प्रवासाच्या आठवणी नक्की लिहून पाठवा. सामान कुठे बांधायचे, पोरं कुठे बसायची, सगळं वाचायला आवडेल. पुढच्या भागात भेटू. तोवर हेल्मेट घाला, हळू चालवा!